सात नंबरची मांडणी

(१९६३. नांदगाव पेठेपलीकडचं एक वावर, कापूस वेचणीचे दिवस, दुपार. कडुनिंबाखाली खाट. खाटेवर हरिहर, अमरावतीच्या एका धर्मार्थ दवाखान्यात कागदपत्रं सांभाळणारा जुना कारकून. समोर उभा वावराचा मालक जानराव.)

जानराव : पानी प्या, अन् या मंग. दवाखान्याच्या मान्साले खाटीवर बसू देलं, आज तेवढंच लय झालं.

हरिहर : मी आता दवाखान्याचा नाही, जानरावजी. नोकरी सोडून आठ महिने झाले. अकोल्याला धाकट्या भावाकडे असतो. सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघालो, पेठेवर उतरलो, आणि विचारत विचारत इथवर आलो.

जानराव : कायले आले थे सांगा. बाया येचून राहिल्या तिकडं. मले पाहा लागते.

हरिहर : तुमच्या मंडळींबद्दल बोलायचंय. सत्यभामाबाईंबद्दल.

जानराव : थे तुमचं तोंड पाहूनच समजलं मले. साल होत आलं तिले जाऊन. आता काय रायलं बोलाचं?

हरिहर : आमच्या दवाखान्यातला एक कंपाउंडर पेठेचा आहे. तो म्हणाला, जानराव गावभर सांगतात की डॉक्टरांनी मला विचारलं होतं, हे इंजेक्शन बाईला पूर्वी कधी बाधलं होतं का. आणि मीच विसरून ‘नाही’ म्हणालो. म्हणून ती गेली. तुमचे मेव्हणे तुमच्या दारात पाऊल टाकत नाहीत म्हणे. पोळ्याला तुमचे बैल दारोदार फिरले नाहीत.

जानराव : फिरवलेच नाई म्या.

हरिहर : पण तुम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तेव्हा खोलीत नव्हता.

जानराव : तुमी होते काय?

हरिहर : मी खालच्या मजल्यावर होतो. कागदांच्या खोलीत. तुमच्या बाईंचा जुना कागद शोधत होतो. बेचाळीस मिनिटं शोधत होतो.

जानराव : बेचाळीस.

हरिहर : घड्याळ लावून. माझी ती सवयच होती.

जानराव : म्या खिडकीवरच्या बाबूले पह्यलेच सांगतलं होतं. म्हनलं, हिले परतवाड्याले सुई टोचली होती, तवा जिवावर बेतलं होतं. तिथला नंबर बी देला. तो म्हने, सगळं कागदात असते, डॉक्टर कागद पाहून घेतीन. म्हनून म्या बिनघोर बैलं सोडाले गेलो. बंडी रस्त्यात उभी होती, लोक बोंबलून राहिले होते.

हरिहर : त्यानं चिठ्ठी लगेच पाठवली. माझ्या हातात चिठ्ठी आली ती दहा वाजून पाच मिनिटांनी.

जानराव : अन् कागद?

हरिहर : दहा सत्तेचाळीसला.

जानराव : एक कागद काढाले एवढा वेळ? तुमच्याकडं कागद ठेवते का पेरते?

हरिहर : विचारा. तेच सांगायला आलोय. पूर्वी दवाखान्याच्या तीन शाखा होत्या. अमरावतीत दोन, परतवाड्याला एक. जिथले कागद तिथं असत. मग मंडळानं ठरवलं, तिन्हीकडचे कागद एकाच खोलीत ठेवायचे, म्हणजे रुग्ण कुठंही गेला तरी कागद मिळेल. विचार चांगला होता. लाकडी फळ्यांच्या बारा मांडण्या केल्या, माणसं आम्ही तिघं. वरून चिठ्ठी यायची, आम्ही कागद काढून द्यायचा. संध्याकाळी कागद परत आले की जागेवर लावायचे. दिवसाला दीडदोनशे बाहेर, दीडदोनशे आत.

जानराव : बरं.

हरिहर : मी एक वही केली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. प्रत्येक मांडणीतून दिवसात किती कागद गेले, किती आले. चिठ्ठी आल्यापासून कागद हातात पडेपर्यंत किती मिनिटं लागली. आणि चिठ्ठ्या टोचून ठेवायच्या तारेवर दर तासाला किती चिठ्ठ्या खोळंबून आहेत. पंधरा दिवसांत मला कळलं की अकरा मांडण्या ठीक आहेत, सात नंबरची बिघडली आहे.

जानराव : सात नंबरात काय होतं?

हरिहर : परतवाड्याचे कागद. वाटेत भिजलेले, एकमेकांना चिकटलेले. त्यांचे नंबर आणि अमरावतीचे नंबर तेच ते, त्यामुळं एका नंबराचे दोन-दोन कागद. बाकीच्या मांडणीतून दोन-तीन मिनिटांत कागद निघायचा. सातमधून आधी दहा मिनिटं लागायची, दिवाळीनंतर वीस, मग तीस. आणि एक माणूस सातमध्ये अडकला की बाकीच्या चिठ्ठ्याही तुंबायच्या. एका मांडणीपायी सगळी खोली थांबायची.

जानराव : कापसाच्या जिनात होते तसं. एक फाटक अडलं का मांगच्या साऱ्या बंड्या उभ्या.

हरिहर : अगदी तसंच.

जानराव : मंग तुमाले समजलं होतं. आधीच.

हरिहर : हो.

जानराव : माही बायको त्या दरवाज्यात येण्याच्या आधी.

हरिहर : दोन महिने आधी. मॅनेजरांना तीन वेळा लिहून दिलं. सात नंबर आठ दिवस बंद ठेवा, कागद वाळवू, नवे नंबर घालू, दोन माणसं जास्त द्या. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, हरिहरपंत, मंडळापुढं बारा रकाने कोण वाचणार? सगळ्यांची मिळून सरासरी काढा आणि एक आकडा द्या. मी काढली. चार मिनिटं आली.

जानराव : चार कशी येईन?

हरिहर : येते. दीडशे कागद दोन-तीन मिनिटांत निघाले आणि पाच-सहा कागदांना अर्धाअर्धा तास लागला, तर सरासरी चारच येते.

जानराव : म्हंजे वीस बाया मनभर येचते, एक बाई झाडाखाली पडली हाय तापानं फनफनून, अन् तुमी सांगता का बाया चांगल्या येचून राहिल्या.

हरिहर : तेच सांगितलं मी. पुढच्या महिन्यापासून वहीतला सात नंबरचा रकाना मीच काढून टाकला. कोणी जबरदस्ती केली नाही. रोज त्याच्याकडं बघायचं, रोज जिवाला लागायचं, आणि होत काहीच नव्हतं. म्हटलं, सुटलो. मंडळाच्या बैठकीत त्या चार मिनिटांचं कौतुक झालं. माझंही नाव घेतलं.

जानराव : हे मले कायले सांगता?

हरिहर : तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

जानराव : म्या काय करू याचं? तुमाले मारू? तुमचं वय पाहा. तुमाले शिव्या देऊ? देल्या असत्या. गेल्या साली आले असते त देल्या असत्या.

हरिहर : तुमच्यावरचा आळ तरी जाईल. मी तुमच्या मेव्हण्यांपुढं उभा राहतो, पंचांपुढं सांगतो. माझ्याकडे नक्कल आहे, दोन्ही कागदांची. जुना परतवाड्याचा आणि त्या दिवशीचा नवा. डॉक्टरांनी वीस मिनिटं वाट पाहिली. ताप एकशेचारच्या वर, छाती भरलेली. ते आणखी थांबायला तयार नव्हते. त्यांनी जवळ कोण आहे ते पाहून विचारलं, आणि उत्तर लिहून ठेवलं. नव्या कागदावर स्पष्ट आहे. ‘पूर्वी कोणताही त्रास नाही. असे रुग्णाची आई सां—’

जानराव : चूप बसा.

हरिहर : जानरावजी—

जानराव : हळू बोला. थे पाहा तिकडं, कपाशीच्या तिसऱ्या ओळीत. हिरवं लुगडं. थे तिची माय हाय. मैनामामी.

हरिहर : त्या इथं असतात?

जानराव : तवापासून हाय. माही पोरगी चार सालाची, तिले कोन पाहीन? मामी आल्या अन् राहिल्या. सकाळी पोरीची वेनी घालते, भाकर टाकते, मंग येचाले येते. म्या नोका म्हनलं तरी येते.

हरिहर : म्हणजे तुम्ही...

जानराव : मी बैलं सोडून आलो तवा सत्यभामा गेल्ती. डॉक्टर मामीले म्हनून राहिला होता, बाई, तुम्ही तर नाही म्हणालात. मामीचं ध्यान नोतं. थे सत्यभामाचे पाय चोळून राहिली होती. मले वाटलं, हिनं आयकलं नाई. अन् आयकलं असन, तरी हे उमजाच्या आत आपुन बोलून टाकावं. म्या तिथंच मोठ्यानं म्हनलं, डॉक्टर, तुमी मले इचारलं होतं अन् मीच विसरलो. डॉक्टर माह्या तोंडाकडं पाह्यत रायला. तो समजला. काई बोलला नाई.

हरिहर : तो तुमच्याबद्दल मला कधीच काही बोलला नाही.

जानराव : चांगला मानूस होता मंग.

हरिहर : पण मैनाबाईंना माहीतच नव्हतं का, परतवाड्याला काय झालं होतं ते?

जानराव : कसं मालूम असन? आमी दोघंच गेल्तो. म्या बैल पाहाले, थे तिच्या मावसबहिनीकडं. तिथं पायात काटा घुसला, पू झाला. सुई टोचली त अंगभर गांधी उठल्या, व्हट सुजले, दम लागला. रातभर बसलो मी. उतार पडल्यावर उठून बसली अन् पह्यलं काय म्हने, मायले सांगू नोका. थे जेवन सोडन. म्या नाई सांगतलं. तिनं बी नाई सांगतलं. आता तुमीच सांगा, मामीचा काय दोष? तिले इचारलं, तिनं खरं सांगतलं. तिच्या ठायी थे खरंच होतं.

हरिहर : मग तसंच सांगा ना त्यांना. दोष कोणाचाच नाही म्हणून.

जानराव : माय हाय थे. तिले तुमच्यावानी हिशेब समजावता? म्हनन, माह्या तोंडातून ‘नाई’ गेलं अन् पोरगी गेली. तेराव्याच्या आधी थे इहिरीच्या काठाले बसली होती, पाय अंदर सोडून. म्या धरून आनली. तवा तिले फक्त पोरगी गेल्याचं दुःख होतं. हे बी समजलं असतं त?

हरिहर : आणि तुम्ही? जन्मभर गाव असं बोलणार?

जानराव : गाव बोलते अन् जेवाले बसते. मले सोसते.

हरिहर : मी ठरवून आलो होतो की या वेळी काही झाकायचं नाही. सगळं जसंच्या तसं सांगायचं.

जानराव : तुमचा कागद आज बी उशिरानंच आला, बाबू. ठेवा झोऱ्यात. थे येऊन राहिल्या इकडं. तुमी बियान्याच्या सोसायटीचे हाय. समजलं?

मैनाबाई : जवाई, कोन पाव्हनं आलं? ऊन लागलं दिसते त्याइले.

जानराव : सोसायटीचे बाबू हाय, मामी. कोनतं बियानं लावलं थे पाहाले आले. निघूनच राहिले.

मैनाबाई : नाई.

जानराव : काय नाई?

मैनाबाई : सोसायटीचे नाई. हे कागदवाले हाय. त्या दिशी जिन्यानं पयत आल्ते. एकाच पायात चप्पल होती. हातात पिवळा कागद होता. मले म्हने, बाई, थांबवा, थांबवा. म्या म्हनलं, आता काय थांबवू? हाय का नाई?

हरिहर : हो, बाई. तो मीच.

मैनाबाई : बसा. उठू नोका. मले एक इचाराचं हाय तुमाले. सालभर मनात हाय, पन इचारावं कोनाले? त्या पिवळ्या कागदात काय लिवलं होतं?

जानराव : जुनं काईतरी होतं, मामी. त्याचा अन् हिचा—

मैनाबाई : तुमाले नाई इचारलं. त्याइले इचारलं.

हरिहर : बाई, त्या कागदात काय होतं ते बाजूला ठेवा. तो वेळेवर यायला हवा होता. तो उशिरा आला, आणि तो उशीर माझा. उशीर होणार हे मला माहीत होतं. लिहून ठेवलेलं होतं, तेही मी पुसलं. मी त्याचीच माफी मागायला आलोय.

मैनाबाई : तुमी तुमचं सांगतलं. खरं सांगतलं असन. पन तिथं सुई घेऊन जो उभा होता, त्यानं कोनाले इचारलं होतं?

जानराव : मले. सांगतलं न मामी कितीदा.

मैनाबाई : जवाई, तुमी तवा बैलं सोडत होते.

जानराव : मामी...

मैनाबाई : त्यानं मले इचारलं. बाई, असं इंजेक्शन घेऊन हिले कधी तरास झाला होता काय? म्या म्हनलं, नाई. लय ठासून म्हनलं. म्हनलं, माही पोरगी लोखंडाची हाय, तिले कायचा तरास. म्या बहिरी नाई न. डॉक्टर मंग जे बोलला थे आयकलं, अन् तुमी जे बोलले थे बी आयकलं.

जानराव : सालभर तुमाले मालूम होतं?

मैनाबाई : त्याच घडीले मालूम झालं. इहिरीवर मी कायले गेल्ती, तुमाले काय वाटलं?

जानराव : मले वाटलं पोरीच्या दुःखानं...

मैनाबाई : तुमी धरून आनलं. मंग म्या म्हनलं, आता जगाच लागते, नातीची वेनी कोन घालन. अन् जित्तं राहाचं त हे बोलू कशी? माहे पोरं तुमाले नाई नाई थे बोलले, अन् मी चुलीपाशी बसून आयकलं. एकडाव बी म्हनलं नाई का गड्याहो, हे याचं नाई, माहं हाय. तोंडापरयंत येये अन् गियून टाको. रोज सकाळी वाटे, आज सांगतो. अन् तुमी आंगनात येऊन म्हना, मामी, च्या झाला काय? मंग राहून जाये.

जानराव : तुमचं काईच नाई त्यात. तुमाले ठाऊकच नोतं.

मैनाबाई : थेच त खाते मले. माय असून काहून ठाऊक नोतं? बाबू, तुमाले वाचता येते. तुमी सांगा. मले सांगण्यासारखी नोती काय मी?

हरिहर : जानरावजी, वाचू?

जानराव : आता वाचा. काय रायलं झाकाले.

हरिहर : मूळ इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. परतवाड्याचे डॉक्टर म्हातारे होते, त्यांना सगळंच लिहायची सवय होती. ‘सत्यभामा जानराव, वय चोवीस. उजव्या पायात काटा, पू. पेनिसिलिन दिले. दहा मिनिटांत अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वास लागला. दोन तासांनी उतार. हिला हे औषध पुन्हा कधीही देऊ नये.’ ही ओळ मुळात लाल शाईत आहे. त्याखाली लिहिलंय, ‘रुग्णाची विनंती, आईस कळवू नये. आई जेवण सोडते.’

मैनाबाई : असं लिवलं हाय?

हरिहर : याच शब्दांत.

मैनाबाई : जवाई, हे तिनं म्हनलं होतं?

जानराव : उठून बसल्यावर पह्यलं हेच म्हनलं. मले आन घ्याले लावली.

मैनाबाई : लहान होती तवा तिले गोवर आला होता. म्या सात दिस अन्नाले शिवली नाई. थे ध्यानात ठेवलं तिनं. मायले उपास नोको म्हनून सांगतलं नाई. अन् मी...

जानराव : मामी, खाली बसा. माहा हात धरा.

मैनाबाई : धरतो. तुमी उद्या माह्या पोराइले बोलवून घ्या. म्या सांगतो त्याइले. माह्या तोंडानं सांगतो.

जानराव : काई गरज नाई.

मैनाबाई : तुमाले नसन. मले हाय. बाबू, तुमी थांबा उद्यापरयंत. तुमचं तुमी सांगा, माहं मी सांगतो.

हरिहर : थांबतो.

मैनाबाई : अन् त्या कागदात अजून काय हाय? खाली काई दिसते.

हरिहर : दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे. ‘ताप नाही. सूज उतरली. रुग्ण घरी जाण्याची घाई करते. तूर काढायची राहिली म्हणते. हसते.’

मैनाबाई : हसते, असं लिवलं?

हरिहर : हो, बाई. एकच शब्द आहे, पण लिहिलाय.

मैनाबाई : मंग पुढं?

हरिहर : पुढं काही नाही. खाली डॉक्टरांची सही आहे.

मैनाबाई : तर मंग थेच पुन्यांदा वाचा. सावकाश वाचा.